सीमूर बेंझर आणि 'मेथुसेला' माशी: जर्मेनियमपासून म्हातारपणापर्यंत एकच धागा आहे का? आणि कॉलेजात आयुर्मान मोजायचं तर काय काय लागेल?

रानवारा:

एमएस्सी प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात अमेरिकन शास्त्रज्ञ सीमूर बेंझर यांच्यावर एक प्रकरण आणि त्याला जोडून एक प्रयोग, असं ठरलं आहे. दोन्हीकडे गाडी अडली आहे.

घटना सगळ्या जमवल्या, पण त्यांची संगती लागत नाही. १९४७मध्ये पर्ड्यू विद्यापीठातून जर्मेनियमवर पीएचडी. १९५५च्या आसपास टी-४ फाजच्या (जिवाणूंवर वाढणाऱ्या विषाणूच्या) जनुकाचा बारीक नकाशा. १९६७पासून कॅलटेकमध्ये फळमाश्यांचं वर्तन. आणि १९९८मध्ये, सत्तरी कधीच उलटून गेल्यावर, जास्त जगणाऱ्या 'मेथुसेला' माशीवर 'सायन्स'मधला निबंध. गाइडचं म्हणणं, "यातला धागा दाखव, नाहीतर ते नुसतं चरित्र होईल." जिथे गर्दी झाली ते क्षेत्र सोडून पुढे गेले, एवढं एकच उत्तर मला दिसतं आणि ते काही पुरेसं वाटत नाही.

प्रयोग असा: मेथुसेला आणि साधी माशी यांचं आयुर्मान शेजारी शेजारी मोजायचं. विभागात एक बीओडी इन्क्युबेटर (तापमान कायम ठेवणारी पेटी) आणि स्टिरिओ मायक्रोस्कोप आहे. माश्या बेशुद्ध करायला कार्बन डायऑक्साइडची सोय नाही, ईथर आहे. हातात सहा महिने. किती माश्या, किती खाद्य, आणि हमखास काय बिघडतं ते सांगाल का?

पेशीकेंद्र:

धागा पद्धतीत शोधा, विषयांमध्ये सापडणार नाही. बेंझर आयुष्यभर चाळण्या बनवत होते.

फाजपासून बघा. आर-टू जनुकात बिघाड झालेले (उत्परिवर्ती) फाज ई. कोलाय जिवाणूच्या 'बी' वाणावर वाढतात, पण लॅम्डा फाज पोटात असलेल्या 'के' वाणावर वाढत नाहीत. दोन वेगवेगळे उत्परिवर्ती 'बी'वर एकत्र वाढवले आणि निघालेली संतती 'के'वर पसरली, तर ज्यांच्यात पुनःसंयोग (डीएनएच्या तुकड्यांची अदलाबदल) होऊन धड जनुक तयार झालं तेवढेच फाज उगवतात. लाखो-कोटींमधला एखादा थेट डोळ्यांना दिसतो. त्यामुळेच जनुकाच्या आतली, डीएनएच्या जवळजवळ एकेका अक्षराइतकी अंतरं मोजता आली. 'सिस्ट्रॉन' (एक काम करणारा जनुकाचा तुकडा) हा शब्द तिथलाच.

आता माशी. दोन मुलींचे स्वभाव इतके वेगळे कसे, या घरच्या कुतूहलातून ते वर्तनाकडे वळले असं सांगतात. १९६५मध्ये ते कॅलटेकला रॉजर स्पेरी यांच्या प्रयोगशाळेत गेले आणि दोन वर्षांनी तिथलेच झाले. १९६७च्या निबंधातलं उपकरण म्हणजे एकमेकींसमोर तोंड करून बसवलेल्या टेस्ट ट्यूबच्या दोन रांगा. माश्या पहिल्या नळीत घालायच्या, ठोकून तळाशी पाडायच्या, समोरच्या टोकाला दिवा ठेवायचा. ठरावीक सेकंदांत ज्या उजेडाकडे गेल्या त्या वरच्या नळीत, बाकीच्या खालच्या. वरची रांग एक घर सरकवायची, पुन्हा ठोकायचं. पाच फेऱ्यांनंतर माश्या सहा नळ्यांत विभागल्या जातात: पाचही वेळा गेलेल्या एका टोकाला, एकदाही न गेलेल्या दुसऱ्या टोकाला. गंमत अशी की दिवा मागच्या बाजूला ठेवून तीच परीक्षा पुन्हा घेतली की 'उजेड नको असलेली' माशी आणि 'चालताच न येणारी' माशी वेगळ्या पडतात. हा दुसरा भाग बहुतेक जण लिहायला विसरतात. तुम्ही विसरू नका, कारण वर्तनाच्या चाळणीत पंगू माश्या भरमसाट अडकतात.

चाळणीचा दुसरा अर्धा भाग अनुवंशशास्त्राचा. ईएमएस हे जनुकं बिघडवणारं रसायन पाजलेल्या नरांचा संकर 'जोड-एक्स' (दोन एक्स गुणसूत्रं एकमेकांना जोडलेल्या) माद्यांशी केला की मुलग्यांना एक्स गुणसूत्र बापाकडून मिळतं, आणि एक्सवरचा बिघाड पहिल्याच पिढीत उघडा पडतो. रॉन कोनोप्का यांनी याच वाटेने शरीरातलं दिवस-रात्रीचं घड्याळ बिघडलेल्या माश्या शोधल्या. १९७१च्या निबंधात तीन आहेत: एकीला लयच नाही, एकीचा दिवस १९ तासांचा, एकीचा २८ तासांचा. तिन्ही बिघाड एक्सवर एकाच जागी, त्या जागेचं नाव 'पीरियड'. २०१७चं नोबेल हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना मिळालं त्याची मुळं इथे आहेत. १९७६मध्ये 'डन्स' आली, शिकवलेलं न टिकणारी माशी.

आता म्हातारपण. हे १९९८मध्ये अचानक उपटलेलं नाही. १९७२मध्ये योशिकी होत्ता आणि बेंझर यांनी अर्धी नर-अर्धी मादी अशा मिश्र माश्या वापरून बिघाड शरीराच्या कोणत्या भागात आहे ते शोधायची रीत दिली, आणि त्यात 'ड्रॉप-डेड' होती: प्रौढ झाल्यावर थोडेच दिवस धड वागणारी, मग अडखळणारी आणि मरणारी. बिघाडाचं ठिकाण मेंदूत निघालं. म्हणजे 'माशी किती जगते' हा प्रश्न मेंदूच्या प्रश्नासोबतच टेबलावर आला होता. पुढे मेंदूची चाळण होणाऱ्या माश्यांची मालिकाच आहे: स्विस चीझ, स्पंजकेक, एगरोल, बबलगम. (नावांवरून भूक लागते हे खरं. बेंझर खाण्याच्या बाबतीत धाडसी होते.) बबलगममध्ये अतिलांब साखळीची मेदाम्लं साचतात, माणसातल्या अ‍ॅड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफी या मेंदूच्या आजारासारखी.

१९८३चा कॅरोल मिलर आणि बेंझर यांचा निबंधही घ्या. कॅरोल मिलर चेताविकृतिशास्त्रज्ञ (मेंदूच्या आजारांतल्या ऊतींच्या अभ्यासक) आणि बेंझर यांच्या पत्नी. माशीच्या मेंदूविरुद्ध बनवलेल्या मोनोक्लोनल (एकाच ठरावीक रेणूला चिकटणाऱ्या) प्रतिपिंडांपैकी जवळपास निम्मे माणसाच्या मेंदूच्या ऊतींनाही चिकटले. माशीच्या मेंदूचा ऱ्हास बघून माणसाबद्दल बोलता येईल, याला त्यातून बळ मिळालं.

तुमच्या प्रकरणाचा कळीचा मुद्दा मात्र पुढे आहे. आयुर्मानाला चाळणी बसत नाही. उजेडाकडे जाणारी माशी काही सेकंदांत ओळखता येते आणि संध्याकाळी तिचा संकर करता येतो. सर्वांत जास्त जगलेली माशी ओळखू येते तेव्हा ती मेलेली असते, आणि त्याआधी अंडी घालण्याच्या पलीकडे गेलेली असते. म्हणून एकेक माशी न निवडता एकेक वंश निवडावा लागतो: पी-घटक (गुणसूत्रात घुसणारा डीएनएचा तुकडा) वेगवेगळ्या जागी घुसलेले अनेक वंश, प्रत्येकातल्या थोड्या भावंडांना म्हातारं करायचं आणि बाकीच्यांवर वंश चालू ठेवायचा. यी-ज्युन लिन, लॉरेंट सेरूद आणि बेंझर यांना मेथुसेला अशा चाळणीत सापडली. सरासरी आयुष्य सुमारे ३५ टक्के जास्त. उपासमार, उष्णता आणि पॅराक्वाट हे तणनाशक यांना तोंड द्यायची ताकदही जास्त. पी-घटकाने नेमकं कोणतं जनुक बिघडवलं तेही लगेच सापडतं: जी-प्रथिनाशी जोडलेला एक ग्राही (बाहेरचा संदेश पेशीत पोचवणारं प्रथिन). जनुक पूर्ण नष्ट केलं तर माशी प्रौढच होत नाही. अर्धवट बिघाड झाला तर जास्त जगते. २००२मध्ये दिसलं की हा ग्राही चेतासंधीच्या (दोन चेतापेशींच्या जोडाच्या) आधीच्या बाजूला बसून चेतापारेषक (निरोप नेणारं रसायन) सोडण्याचं प्रमाण वाढवतो. हा दुवा प्रकरणात असू द्या, चेताशास्त्र आणि म्हातारपण इथे अक्षरशः एका प्रथिनात भेटतात.

शंकेखोर:

वरचा प्रतिसाद उत्तम, पण मेथुसेलाचा प्रयोग सहा महिन्यांत करू नका. हिशेब मांडतो.

आयुर्मानावर जवळजवळ कशाचाही परिणाम होतो. दोन साठे वर्षानुवर्षं वेगवेगळ्या बाटल्यांत वाढले असतील तर त्यांच्या बाकीच्या जनुकांतच इतका फरक पडलेला असतो की तुमच्या जनुकाशिवायही एक साठा दुसऱ्यापेक्षा १५-२० दिवस जास्त जगू शकतो. त्यात आंतरप्रजननाने खंगलेला साठा 'साधी माशी' म्हणून घेतला, तर काहीही दीर्घायुषी दिसेल. याचं गाजलेलं उदाहरण 'इंडी' जनुक. २०००मध्ये दुप्पट आयुष्याचा दावा, २००७मध्ये दुसऱ्या गटाने पार्श्वभूमी एकसारखी करून तपासलं तर परिणाम उरला नाही. सर-टू जनुकाचं २०११मध्ये असंच झालं. मेथुसेलाबाबतही तापमान बदललं की आयुर्मान आणि प्रजनन यांचा हिशेब बदलतो, असं २००६मध्ये दाखवलं गेलं.

म्हणून प्रतिसंकर, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या एकाच साध्या साठ्याशी संकर, हवेतच. पहिला संकर: व्हाइट-१११८ या पांढऱ्या डोळ्यांच्या प्रयोगशाळेतल्या साठ्याच्या कुमारी माद्या आणि मेथुसेला नर. उलटा करू नका, कारण मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जाकेंद्रं) आणि असेल तर वोल्बाकिया जिवाणू आईकडून येतात, आणि ते दोन्ही बाजूंना सारखे असायला हवेत. पुढच्या प्रत्येक पिढीत रंगीत डोळ्यांच्या मुली निवडून त्यांचा संकर व्हाइट-१११८ नरांशी. मुलीच घ्यायच्या, मुलगे नाही. फळमाशीच्या नरात पुनःसंयोग होत नाही, त्यामुळे मुलग्यांतून नेलं तर अख्खं गुणसूत्र जसंच्या तसं पुढे सरकतं. सहा प्रतिसंकरांनंतर न जोडलेल्या भागात जुनी पार्श्वभूमी १/६४, म्हणजे दीड टक्क्याच्या आसपास राहते. जनुकाच्या शेजारचा भाग तरीही चिकटलेला राहतो.

एक पिढी म्हणजे २५ अंशांवर १० दिवस अधिक कुमारी माद्या गोळा करून अंडी मिळवायला तीन-चार दिवस. सहा पिढ्या, मग बिघडलेल्या जनुकाच्या दोन्ही प्रती एका माशीत आणायला आणखी दोन पिढ्या: १६ आठवडे. त्यानंतर आयुर्मान १२-१३ आठवडे. सहा महिने म्हणजे २६ आठवडे. बसत नाही.

आणि हे सगळं केलं तरी एक भोक उरतंच. पी-घटकासोबत आलेलं लहान व्हाइट जनुक मेथुसेलाचे डोळे रंगवतं, नियंत्रण गटाचे डोळे पांढरे राहतात. पांढऱ्या डोळ्यांच्या माश्या नीट बघत नाहीत, चढण्याच्या चाचणीतही मागे पडू शकतात. खरं नियंत्रण म्हणजे दुसऱ्या निरुपद्रवी जागी तोच पी-घटक घुसलेला वंश, किंवा ट्रान्स्पोजेज (पी-घटकाला जागेवरून हलवणारं विकर) देऊन मेथुसेलातला पी-घटक नेमका उपटून काढलेला वंश. पी-घटक गेल्यावर जास्तीचं आयुष्यही गेलं, तरच ते त्या जनुकाचं.

रानवारा:

हे वाचून घामच फुटला. मग बेंझर यांच्याच कामाशी जोडलेलं, पण सहा महिन्यांत बसणारं काय करता येईल? आणि चेताशास्त्राचा धागा सुटायला नको.

व्हायलवाला:

आहार घ्या. बेंझर यांच्या शेवटच्या वर्षांतलं काम तेच होतं. पंकज कापाही तेव्हा त्यांच्या प्रयोगशाळेत होते. २००४च्या निबंधात टॉर मार्गातली (खाद्य किती आहे त्यावरून पेशीची वाढ ठरवणाऱ्या साखळीतली) जनुकं मंद केली की माशी जास्त जगते आणि त्याचा संबंध खाद्याशी आहे, असं दिसलं. २००७च्या नोव्हेंबरात बेंझर गेले; कमी यीस्टवर ४ई-बीपी हे प्रथिन मायटोकॉन्ड्रियाला कसं टिकवतं, हा निबंध 'सेल'मध्ये २००९ला आला, लेखकांत त्यांचं नाव आहे. तुमच्या दृष्टीने यात मोठी सोय अशी की दोन्ही गटांच्या माश्या एकाच बाटलीतून निघतात. पार्श्वभूमीचा वादच मिटतो. कॅन्टन-एस किंवा ओरेगॉन-आर हा लाल डोळ्यांच्या साध्या माश्यांचा साठा पुरतो.

अळ्यांचं खाद्य सगळ्यांना एकच, एका लिटरला: मक्याचं पीठ ८० ग्रॅम, साखर ४० ग्रॅम, ग्लुकोज २० ग्रॅम, कोरडं यीस्ट १५ ग्रॅम, अगर ८ ग्रॅम. अगर आधी पाण्यात उकळून पारदर्शक करा, पीठ गार पाण्यात कालवून मग ओता, नाहीतर गुठळ्या होतात. यीस्ट किमान १०-१५ मिनिटं उकळलंच पाहिजे. जिवंत राहिलं तर व्हायलमध्ये (माश्या ठेवायच्या लहान बाटलीत) फसफसतं आणि तुमचं मोजलेलं प्रमाण वाढत जातं. ६० अंशांच्या खाली आल्यावरच प्रोपिओनिक आम्ल ४ मिली आणि १० मिली अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं मिथाइल पॅराबेन १ ग्रॅम. गरम असताना घातलं तर प्रोपिओनिक उडून जातं, आठवड्यात बुरशी. बुरशीला घाबरून दुप्पट घातलंत तर अळ्या उशिरा वाढतात. गूळ वापरू नका, प्रत्येक ढेपेची रचना वेगळी.

प्रौढांचं खाद्य: साखर ५० ग्रॅम, अगर १५ ग्रॅम, संरक्षकं वरच्याइतकीच, आणि यीस्ट तीन पातळ्यांवर, २०, १०० आणि २०० ग्रॅम प्रति लिटर. २०वर माद्या जवळजवळ अंडी घालत नाहीत आणि बऱ्याचदा उपासमारीच्या कडेला असतात; २००वर अंडी भरपूर, आयुष्य कमी; दीर्घायुष्याचा उंचवटा मधे कुठेतरी येतो. नेमका कुठे ते यीस्टच्या जातीवर ठरतं. बेकरीचं झटपट यीस्ट आणि ब्रुअर्स यीस्ट सारखे नाहीत, म्हणून पूर्ण प्रयोगाला पुरेल एवढं एकाच बॅचचं यीस्ट आधी घेऊन फ्रीजरमध्ये ठेवा.

माश्या जमवणं: अंडी ८ तासांच्या खिडकीत घ्या, ६ मिली खाद्याच्या व्हायलमध्ये ५०-६० अंडी मोजून ठेवा. गर्दीत वाढलेल्या अळ्यांच्या माश्या बारक्या होतात आणि त्यांचं आयुर्मान बदलतं. पहिल्या दिवशी निघणाऱ्या माश्या सोडून द्या, त्यानंतरच्या २४ तासांतल्या घ्या. दोन दिवस एकत्र राहू द्या म्हणजे सगळ्या माद्या मीलन झालेल्या असतील, मग वेगळ्या करा. फक्त माद्या घेतल्यात तरी चालेल, आहाराचा परिणाम त्यांच्यात जास्त ठळक असतो.

ईथर विसरा. ज्वलनशील तर आहेच, शिवाय जरा जास्त झालं की माशीचे पंख वर ताठ उभे राहतात, ती मेलीच समजा. जी वाचते तिच्यावरही परिणाम राहतो. बर्फ वापरा: रिकामी व्हायल माश्यांसकट बर्फात खोचा, माश्या निपचित पडल्या की बर्फावर पालथ्या घातलेल्या पेट्री डिशवर टिपकागद ठेवून ब्रशने वेगळ्या करा. टिपकागद नसेल तर बाष्पाच्या थेंबात पंख चिकटतात. पाच मिनिटांच्या वर थंडीत ठेवू नका.

एका व्हायलमध्ये २० माद्या, प्रत्येक आहाराला ८ व्हायल, म्हणजे १६० माश्या. तीन आहारांच्या २४ व्हायल. सोमवार, बुधवार, शुक्रवार खाद्य बदलायचं: आठवड्याला ७२ व्हायल, १३ आठवड्यांना ९३६, प्रत्येकी ५ मिली धरून पावणेपाच लिटरच्या आसपास खाद्य. सांडलवंड धरून साडेपाच लिटर. शेवटी शेवटी व्हायल रिकाम्या होत जातील, तरी उरलेल्या माश्या एकत्र करू नका.

बदलताना बेशुद्ध करायचं नाही. जुनी व्हायल ठोकायची, नवी तोंडाला तोंड लावून उलटायची. मेलेली माशी खाद्यावरून चुकून नव्या व्हायलमध्ये पडते आणि दोनदा मोजली जाते; त्यासाठी 'जुन्यात मेलेल्या' आणि 'वाहून आलेल्या' असे दोन रकाने करा. महिनाभरानंतर माश्या खाद्याला चिकटून मरायला लागतात, विशेषतः २००च्या खाद्यात, कारण ते ओलसर असतं. व्हायल भरल्यावर मलमलीच्या कापडाखाली रात्रभर सुकू द्या आणि म्हाताऱ्या माश्यांच्या व्हायल आडव्या ठेवा.

इन्क्युबेटर २५ अंश, १२ तास उजेड. बीओडीतला आतला बल्ब तापतो आणि वरचा कप्पा दीड-दोन अंशांनी गरम राहतो. एलईडी पट्टी आणि टायमर लावा. प्रत्येक कप्प्यात वेगळा थर्मामीटर, आणि दर बदलाला व्हायलचे ट्रे कप्प्यांत फिरवा. ओलाव्यासाठी मिठाच्या संपृक्त द्रावणाचा उघडा ट्रे ठेवला की आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास टिकते, नुसत्या पाण्याने खाद्य घामेजतं. मे महिन्यात वीज गेली की बंद बीओडी तापते, तेव्हा प्रयोग डिसेंबर-जानेवारीत सुरू करून उन्हाळ्याआधी शक्य तेवढा उरकलेला बरा.

माइट्स (बारीक कोळीकिडे) दिसले तर संपलं. बाहेरून आणलेला साठा दोन पिढ्या वेगळ्या खोलीत ठेवल्याशिवाय इन्क्युबेटरमध्ये न्यायचा नाही.

कोलाबाकर:

चेताशास्त्राच्या धाग्याबद्दल. इथे मुंबईचा एक खरा दुवा आहे, तो प्रकरणात यायलाच हवा.

ओबैद सिद्दिकी १९६२मध्ये होमी भाभांच्या बोलावण्यावरून टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) आले आणि कुलाब्याला रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते कॅलटेकला बेंझर यांच्यासोबत काम करत होते. दोघांचा १९७६चा निबंध तापमान वाढलं की लुळ्या पडणाऱ्या माश्यांच्या चेतासंस्थेवर आहे, 'कोमाटोज' त्यातली. तापवलं की ती कोसळते आणि गार केल्यावर शुद्धीवर यायला खूप वेळ घेते. तिचं जनुक एनएसएफ या प्रथिनाचं निघालं, चेतासंधीवर पुटिकांच्या (चेतापारेषकाच्या बारीक पिशव्यांच्या) विलीनीकरणासाठी लागणारं. इथेही तीच रीत: एक जनुक बिघडवा, माशी काय करते बघा.

परत आल्यावर सिद्दिकी आणि वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी टीआयएफआरमध्ये वास आणि चव न कळणाऱ्या माश्या शोधल्या. रॉड्रिग्ज केनियात जन्मलेल्या, आईवडील मूळ गोव्याचे. माशीच्या घ्राणेंद्रियाचं जनुकशास्त्र ज्या थोड्या ठिकाणी सुरू झालं त्यांत कुलाबा आहे. पुढे सिद्दिकींनी बंगळुरूला एनसीबीएस (राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्र) उभारलं.

आता याचा तुमच्या आहाराच्या प्रयोगाशी संबंध: २००७मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या एका निबंधात दिसलं की कमी खाणाऱ्या माश्यांना नुसता जिवंत यीस्टचा वास दिला तरी त्यांचं वाढलेलं आयुष्य काही प्रमाणात कमी होतं, आणि घ्राणग्राहींचं काम बंद पाडलेल्या माश्या जास्त जगतात. खाल्लं काय यासोबत वास कशाचा आला हेही मेंदू हिशेबात धरतो. तेव्हा तुमच्या २० ग्रॅमच्या आणि २०० ग्रॅमच्या व्हायल एकाच कप्प्यात कापसाच्या बोळ्याला बोळा लावून ठेवल्यात तर वास इकडून तिकडे जाणार. यीस्ट उकळून मारलेलं असलं तरी शक्य तेवढे ट्रे वेगळे ठेवा, साठ्याच्या बाटल्या त्या इन्क्युबेटरमध्ये अजिबात नकोत. जागा असेल तर हीच तुमची चौथी शाखा होऊ शकते: २० ग्रॅमचं खाद्य, वर जाळीचं दुहेरी झाकण, दोन जाळ्यांच्या मधे यीस्टच्या पेस्टचा ठिपका, आणि नियंत्रणाला तिथेच पाण्याचा ठिपका. माशी पेस्टला स्पर्श करू शकत नाही, वास मात्र येतो. पेस्ट प्रत्येक बदलाला ताजी.

आकडेमोड:

संख्याशास्त्राचं थोडक्यात, कारण प्रकल्प बहुतेक इथेच आपटतात.

एक्सेलमध्ये एक ओळ म्हणजे एक माशी ठेवा: व्हायल क्रमांक, आहार, दिवस, आणि शेवटी १ किंवा ०. मेली तर १. उडून गेली, बोळ्यात चिरडली, बदलताना हरवली तर ०, आणि त्या दिवसापर्यंत ती जिवंत होती एवढंच गृहीत. हरवलेल्या माश्या यादीतून काढून टाकणं चूक, मेलेल्या धरणं त्याहून मोठी चूक. खाद्याला चिकटून मेलेल्यांचं काय करायचं हे प्रयोग सुरू होण्याआधी वहीत लिहून ठेवा. आलेख बघून ठरवलंत तर परीक्षक बरोबर पकडतील.

कापलान-मायर वक्र (कोणत्या दिवशी किती जिवंत उरल्या ते दाखवणारा) आणि लॉग-रँक चाचणी (अशा वक्रांतला फरक तपासणारी) 'आर' या संगणकीय भाषेतल्या सर्व्हायव्हल पॅकेजमध्ये होते. पण एका व्हायलमधल्या २० माश्या स्वतंत्र नसतात, खाद्य बिघडलं तर सगळ्यांचंच बिघडतं. म्हणून कॉक्स प्रारूपात (मरणाचा धोका कशाने बदलतो ते मोजणाऱ्या) व्हायल हा क्लस्टर, म्हणजे एकत्र धरायचा गट, म्हणून द्या. सरासरीसोबत मध्यक आणि शेवटच्या १० टक्क्यांचं वय द्या. पहिल्या दहा दिवसांत खूप माश्या मेल्या असतील तर ते म्हातारपण नव्हे, हाताळणीतली इजा किंवा संसर्ग. त्या बॅचचं वेगळं टिपण हवं.

व्हायलवर आहाराचं नाव लिहू नका. मैत्रिणीकडून सांकेतिक क्रमांक घालून घ्या आणि किल्ली तिच्याकडेच राहू द्या.

रानवारा:

आहारावर शिक्कामोर्तब. गाइडना दाखवलं, त्यांनी विचारलं की नुसतं मरण मोजून मेंदूचं म्हातारपण कसं कळणार? चढण्याची चाचणी पुरेल, की मेंदूचे छेदही घ्यावेत?

व्हायलवाला:

चढण्याची चाचणी पुरेल, पण आयुर्मानाच्या माश्यांवर ती करू नका. ठोकाठोकीने त्या जखमी होतात. प्रत्येक आहाराच्या चार जादा व्हायल सुरुवातीलाच भरा.

दोन रिकाम्या व्हायल तोंडाला तोंड लावून चिकटवा, तळापासून ८ सेंटीमीटरवर रेघ. १० माश्या, दोन-तीनदा ठोकून तळाशी पाडायच्या, १० सेकंदांत रेघ ओलांडणाऱ्या मोजायच्या. मोबाइल स्टँडवर ठेवून चित्रण करा आणि मोजणी नंतर, डोळ्यांनी तिथल्या तिथे मोजलेलं भरवशाचं नसतं. मधे एक मिनिट विश्रांती, पाच फेऱ्या. वय ७, २१, ३५ आणि ४९ दिवस. दर वेळी दिवसाच्या त्याच तासाला, कारण माशीची चपळाई घड्याळावर चालते (पुन्हा पीरियड!). थंडीने बेशुद्ध केल्यावर २४ तास चाचणी नाही. खोली २५ अंशांजवळ हवी. २१ अंशांच्या खोलीत तरुण माशीही रेंगाळते. २००वरच्या माद्यांच्या पोटात अंडी जास्त, त्या जड असतात. म्हणून प्रत्येक वयाला १० माश्यांचं एकत्र वजनही घ्या, नाहीतर 'मेंदू म्हातारा झाला' आणि 'पोट जड झालं' यांत फरक करता येणार नाही.

छेदांच्या फंदात पडायचं तर डोकी कार्नॉय द्रावणात (ऊती टिकवणाऱ्या मिश्रणात) स्थिर करून पॅराफिनमध्ये ७ मायक्रॉनचे सलग छेद. रंग वेगळा घालायची गरज नाही, डोळ्यांचं रंगद्रव्य पसरून प्रतिदीप्ती (फ्लुओरेसन्स) सूक्ष्मदर्शकाखाली ऊती उजळतात आणि पोकळ्या काळ्या दिसतात. यासाठी माशीचे डोळे लाल हवेत, पांढऱ्या डोळ्यांच्या माशीत काहीच दिसणार नाही. कॅन्टन-एस घेतलीत तर ही अडचण आपोआप टळते. एका वयाला प्रत्येक आहाराची किमान दहा डोकी हवीत, आणि एखाद-दुसरी पोकळी साध्या म्हाताऱ्या माशीतही असते, म्हणून तरुण माश्यांचे छेद त्याच ब्लॉकमध्ये शेजारी बसवा. प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शक विभागात नसेल तर हा भाग सोडा आणि तो वेळ चढण्याच्या चित्रफिती दुसऱ्या कुणाकडून, आहार कोणता ते न सांगता, पुन्हा मोजून घ्यायला द्या.